सरावाचे आजोबा

८ जानेवारी

म्हाताऱ्या माणसांना सोबत कशी करायची ते शिकवायचा माझा वर्ग सुरू झाला एकदाचा. सहा जणांनी नावं दिली होती, सहाही आली. वॉर्डातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली, पण सकाळी केस बांधताना आरशातल्या बाईला म्हटलं, चला सिस्टर, ड्युटी लागली.

बाहेरची खोली आठवडाभर आधीच रिकामी करून ठेवली होती. सोफा आत गेला, त्यामुळे आत आता तिरकं चालावं लागतं. बाहेर वरखाली होणारी खाट, चाकांची खुर्ची, वॉकर आणि फळा. ज्या संस्थेकडून हे काम मिळालंय त्यांची तपासनीस बाई वीस फेब्रुवारीला येणार. तिला पसंत पडलं तर सहाही जणांना नोकऱ्या आणि मला पुढचे वर्ग. नाही पडलं तर मी परत झाडांना पाणी घालायला मोकळी. झाडं मेली तरी चालतील, पण मला परत तिथे जायचं नाही.

पहिल्याच तासाला विचारलं, सोबत म्हणजे काय? सगळ्यात तरुण मुलगी आहे, जिचं मी मनात एक्स्प्रेस असं नाव ठेवलंय, ती म्हणाली, "लक्ष ठेवणं." म्हटलं, लक्ष तर दारावरचा वॉचमनही ठेवतो. मागच्या खुर्चीवरचे पन्नाशीचे गृहस्थ जरा ताठ झाले. ते वीस वर्षं वॉचमनच होते. पहिल्याच दिवशी माझी अशी शोभा झाली.

फळ्यावर दोनच नियम लिहिले. एक, खोटं बोलायचं नाही आणि खोडायचंही नाही. म्हातारं माणूस म्हणालं, माझी आई वाट बघतेय, तर "तुमची आई कधीच गेली" असं म्हणायचं नाही, आणि "हो, बाहेर बसलीय" असंही नाही. दोन, रोज नोंद लिहायची. पाहिलं ते लिहायचं, वाटलं ते नाही.

९ जानेवारी

सरावासाठी उशांचा एक माणूस केला होता. एक्स्प्रेसने त्याला खाटेवरून उठवताना डोकं निखळून पडलं. सगळे हसले, शिकलं कोणीच नाही.

हे दारातून बघत होते. म्हणाले, "मी बसू का? सरावाचे आजोबा म्हणून?" मी उडालेच. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कामात ह्यांनी एवढा रस घेतल्याचं आठवत नाही. वीज कार्यालयाच्या नाटकांतून ह्यांनी वीस वर्षं कामं केली हे खरं, पण काम म्हणजे दार उघडून "साहेब आले" एवढंच म्हणायचं. एकदा साहेब झालेला नट आजारी पडून आलाच नव्हता, तरी हे दार उघडून म्हणाले, साहेब आले. तेव्हा म्हटलं, बघू तरी.

एक शब्द ठरवला. नाटक संपलं की ह्यांनी "पडदा!" म्हणायचं. तोपर्यंत कोणी हसायचं नाही, ह्यांना आजोबाच समजायचं.

१३ जानेवारी

काय काम करतात हो! आज चहा ढवळायला काहीतरी हवं होतं. हात हवेत फिरवत म्हणाले, "ते आण गं... ते... फिरवायचं." चमचा हा शब्द आठवत नसल्याचं असं सोंग केलं की मलाच चमचा न्यावासा वाटला. एक्स्प्रेसने "चमचा! चमचा!" म्हणून तो हातात कोंबला. तिला समजावलं, बाई गं, पी हळद आणि हो गोरी असं हे काम नाही. माणसाला त्याचा शब्द शोधायला वेळ द्यावा.

मग थोड्या वेळाने "पडदा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे इतके खूश झाले की दुसरा कप मागितला.

१७ जानेवारी

भूमिका अंगात भिनली म्हणतात ती अशी. सकाळी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावून बसले होते. म्हटलं, वर्गाला अजून तास आहे. म्हणाले, "तयारी नको का?" नंतर पाव आणायला गेले ते तासाभराने रिकाम्या हाताने आले. मी विचारलं तर म्हणाले, "तालीम करत होतो." मी म्हटलं, तालमीतसुद्धा पाव आणायचा असतो. दुपारी भातावर भागवलं.

२१ जानेवारी

सहांपैकी एकीची मला काळजी वाटते. पंचेचाळीसच्या आसपासची बाई, वीस वर्षं शिवणकाम केलं, डोळे दमले म्हणून इकडे आली. तिला मी शिवणवाली म्हणते. बोलत नाही, विचारलं तर थांबून उत्तर देते, खाटेची चादर बदलायला इतरांच्या दुप्पट वेळ. परीक्षेत ही मला बुडवणार.

वर नोंदी भलत्याच. आज तिच्या वहीत होतं: "वर्ग सुटल्यावर काका जिन्यात सहा मिनिटं उभे होते. वर बघितलं. खाली बघितलं. मी चप्पल घालत होते. मला म्हणाले, तुम्ही कुठे निघालात? मी म्हटलं, खाली. म्हणाले, मग मीही खालीच असेन." मी लाल पेनने खाली लिहिलं, वर्गाबाहेरचं लिहू नये.

ती वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "बाई, पाहिलं ते लिहायचं म्हणालात ना."

"अगं, वर्गात पाहिलं ते."

"पण काका पडदा म्हणालेच नव्हते."

मी हसले. म्हटलं, विसरले असतील. ती नुसती बघत राहिली. फार बारीक बघते ही बाई, टाके मोजल्यासारखी.

२६ जानेवारी

लेकीचा फोन. "आई, बाबांनी मला सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा विचारलं, पोचलीस का. मी कुठे निघालेच नव्हते."

मी तिला वर्गाचं, सरावाचं, सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या बाबांना उशिरा का होईना, मोठी भूमिका मिळालीय.

ती म्हणाली, "त्यांना एकदा कुणाला तरी दाखव ना."

मला रागच आला. म्हटलं, पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी, अशी शेकड्यांनी माणसं पाहिली. चोराच्या वाटा चोराला माहीत असतात, तशा आजाराच्या वाटा मला माहीत आहेत. तू मला शिकवू नकोस. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. तिला परत फोन करायचा होता, राहून गेला.

२ फेब्रुवारी

आज ह्यांना थोडं झापलं. परीक्षा जवळ आली आणि हे भूमिका वाहवत नेतात. वर्गात एक्स्प्रेसला तीनदा विचारलं, तू कुणाची. जेवताना समजावून सांगितलं, "अहो, खरे पेशंट सुरुवातीला असं उघडउघड करत नाहीत. ते लपवतात. चेष्टेवारी नेतात. एखादी सबब तयार ठेवतात. घरच्यांना पत्ता लागू देत नाहीत. आणि घरच्यांनाही पत्ता लावून घ्यायचा नसतो, ते वेगळंच."

हे लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "असं? मग बरं चाललंय म्हणायचं."

मी म्हटलं, बरं कुठलं, जरा आवरा.

९ फेब्रुवारी

शिवणवाली सुधारतेय, किंवा मी तिच्या चालीने बघायला शिकतेय. हे आजकाल रोज विचारतात, आज माझ्याबरोबर कोण? तिचं नाव निघालं की स्वतःच जाऊन खुर्चीत बसतात.

आज गंमत म्हणून ह्यांना सहाही जणांना गुण द्यायला सांगितले. वॉचमनना दहापैकी आठ. "हे दाराशी उभे असले की मला कुठे जावंसं वाटत नाही." एक्स्प्रेसला पाच. "पोरगी गोड आहे, पण माझं वाक्य तीच संपवते. मग मी काय करू?" शिवणवालीला दहा. मी म्हटलं, दहा कोणी देतं का? वॉर्डात मी कुणाला साताच्या वर दिले नाहीत.

"तू नाही देणार," हे म्हणाले. "ही वाट बघते. बाकी सगळे वाट बघत असल्याचं दाखवतात." एवढं बोलून माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं टोमणा आहे, पण टोमण्यासारखं हसू नव्हतं.

१९ फेब्रुवारी

उद्या परीक्षा. फरशी पुसली, फळा पुसला, चादरी बदलल्या. हे दिवसभर गप्प आहेत. नटांना आदल्या दिवशी होतं तसं.

२० फेब्रुवारी

पास झालो. सगळे पास झालो. तेवढं आधी लिहून ठेवते.

तपासनीस बाई दहाला आली. गंभीर, नाकावर चष्मा. तिने शिवणवालीलाच निवडलं. खाटेवरून खुर्चीत आणून चहा द्यायचा, बस. सुरुवातीला हे छान होते. "हळू हं, जुना माल आहे," म्हणाले. तपासनीस बाईसुद्धा हसली.

खुर्चीत बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. "सोफा कुठे गेला? ही कुणाची खोली आहे? मला घरी जायचंय." आवाज चढला. कप कलंडला, चहा मांडीवर सांडला, तरी लक्ष नाही. शिवणवालीने रुमाल नुसता त्यांच्या हाताजवळ ठेवला आणि स्वतः खाली, स्टुलावर बसली. म्हणजे त्यांना तिच्याकडे बघायला मान वर करावी लागणार नाही.

"घरी कोण आहे, काका?"

"आमची सिस्टर येईल ना आता ड्युटीवरून. दार कोण उघडणार तिला? दमून येते बिचारी. किल्ली विसरते रोज."

मी फळ्याजवळ उभी होते. चार पावलांवर. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, एखाद्या परक्या बाईकडे बघतात तसं सभ्यपणे, आणि नजर पुढे नेली.

शिवणवालीने एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच कोसळले असते. म्हणाली, "दमून येतात होय? मग दार तुम्हीच उघडा. मी बसते तोवर तुमच्याजवळ."

"चहा करून ठेवावा लागेल."

"ठेवू या. साखर किती घेतात त्या?"

"दीड चमचा," हे म्हणाले. "सांगते एक. मी दीड घालतो. तिला माहीत नाही."

हे बोलल्यावर शांत झाले. रुमाल उचलून स्वतःच मांडी पुसली. एक्स्प्रेस माझ्या कानाशी कुजबुजली, "बाई, पडदा?" मी वाट बघत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ह्यांनी पडदा म्हटलंच नाही.

तपासनीस बाई टाळ्या वाजवायला लागली. "काय अस्सल काम करतात! कुठून आणलेत हे?"

मी म्हटलं, "घरचेच आहेत."

वॉचमन पुढे झाले, दार उघडलं आणि तिला म्हणाले, "मॅडम, चला, बाहेर बसून कागद बघू." इतक्या सहज, की तिला काही कळलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, वॉचमनना माहीत होतं. सहाही जणांना माहीत होतं.

२१ फेब्रुवारी

आज काही नाही.

२३ फेब्रुवारी

सहाही वह्या घेऊन बसले. सहा आठवडे मी त्यात अक्षर, शुद्धलेखन आणि समास तपासला होता. आज मजकूर वाचला. "काकांनी केळं सालासकट खाल्लं." "काकांनी मला ताई म्हटलं, मग आई म्हटलं." "काका पडदा म्हणाले, पण डोळ्यांत पाणी होतं." माझी लाल बरोबरची खूण प्रत्येक पानावर. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मी.

दुपारी गॅलरीत बसलो. आज हे अगदी लख्ख होते. मी विचारलं, "कधीपासून?"

"साधारण ऑगस्टपासून. लेकीचं वय आठवेना. मग तिचं जन्मसाल आठवलं, पण वजाबाकी जमेना."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पहिल्यांदा नाडी बघितली असतीस."

मी खाली बघितलं. माझी बोटं ह्यांच्या मनगटावरच होती. झटकन काढून घेतली.

"आणि ते सरावाचे आजोबा?"

"अगं, चुकायला एक खोली मिळाली मला. इकडे चुकलो की घाबरायचो, तिकडे चुकलो की टाळ्या पडायच्या." कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "आणि माणूस निवडायचं होतं. पुढे माझ्याजवळ कोण बसणार, ते मला ठरवता येतंय तोवर मला ठरवायचं होतं. फसवलं तुला. रागावू नकोस."

"कोण म्हणजे? मी आहे ना! पस्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

"आहेस की. पण तू माझी सिस्टर झालीस तर मला बायको कुठून आणायची?"

मी रडले. चांगली हमसून रडले. वॉर्डात पस्तीस वर्षांत एकदाही रडले नव्हते. ह्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि खालून जाणाऱ्या माणसाला सांगितलं, "काही नाही, कांदा चिरतेय." समोर कांदा नव्हता.

मग लेकीला फोन केला. तिची माफी मागितली. ती म्हणाली, आई, मी येतेय शनिवारी.

३ मार्च

डॉक्टरांकडे जाऊन आलो. माझ्याबरोबर काम केलेला मुलगा, आता केस पिकलेत त्याचे. त्याने जे सांगितलं ते मला पाठ आहे. मीच किती घरांना सांगितलंय. पण त्या बाजूच्या खुर्चीत बसून ऐकलं की शब्द तेच, कानच वेगळे.

घरी मी फार जपून वागतेय. आवाज मऊ ठेवते. "आपण आता हात धुऊ या हं. आपण आता गोळी घेऊ या." आज हे जेवेनात. ताट बाजूला सारलं. म्हणाले, "हे आपण आपण कोण आलंय घरात? त्यांना आधी वाढ." मी आणखी मऊ बोलले. तसे हे उठून खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

जमत नाहीये मला. सिस्टर होणंही नाही, बायको होणंही नाही.

६ मार्च

संस्थेने सगळ्यांना कामं दिली. शिवणवालीला मोठ्या बंगल्यातलं काम आलं होतं, स्वतंत्र खोलीसकट. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, निरोप घ्यायला आली.

"बाई, काकांनी मला दहा दिलेत," ती म्हणाली. "दुसरीकडे मला कोण ओळखतं?"

मी तिला रीतसर समजावलं. मोठं घर आहे, संधी आहे, भावनेच्या भरात ठरवू नये. तिने सगळं ऐकून घेतलं, नेहमीसारखी थांबली, आणि विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"

१२ मार्च

शिवणवालीला येऊ लागून चार दिवस झाले. पहिले दोन दिवस मी तिच्या मागे मागे. पाणी कोमट आहे का, गोळी कोणती, खुर्ची कुठे. काल तिने मला हाताला धरून गॅलरीत आणून बसवलं आणि दार लोटून घेतलं. नातेवाइकांना कामात लुडबुड करू देऊ नये, हे मीच शिकवलेलं. स्वतःच्या पायावर धोंडा.

आज सकाळी गॅलरीतून आत आले तर माझ्या अंथरुणावर ह्यांचा ओला टॉवेल. न पिळताच पसरलेला, उशीपर्यंत ओल गेलेली. चाळीस वर्षं मी ह्यावरून बोलतेय. आणि मला काय झालं कोण जाणे, तो मऊ आवाज, ते आपण, ते सगळं बाजूला पडलं. मी ओरडले. खास माझ्या आवाजात, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा. "अहो! किती वेळा सांगायचं? माझं अंथरूण म्हणजे काय दोरी आहे टॉवेल वाळत घालायची?"

हे खुर्चीत सरळ झाले. "तीस वर्षं टाकतोय, आज दिसला वाटतं!"

"चाळीस!"

"चाळीस का? मग आता तरी सवय कर."

"मी सवय करू? तुम्ही दोरीवर टाका!"

"दोरी तू फार उंच बांधलीयस. स्वतःपुरती बघतेस."

"पाच फुटी बाईने बांधलेली दोरी तुम्हाला उंच होते?"

असं पंधरा मिनिटं चाललं. टॉवेलावरून दोरीवर, दोरीवरून ह्यांच्या बहिणीवर, तिच्यावरून एका हरवलेल्या छत्रीवर. हे एका शब्दालाही अडखळले नाहीत. गाल लाल झाले होते. ऑगस्टपासून मी ह्यांना इतकं टवटवीत पाहिलेलं नाही.

शिवणवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी, तोंडाला पदर लावून. मी दमून पाणी प्यायला गेले तशी हळूच म्हणाली, "बाई, आवाज चढवायचा नाही असं वर्गात तुम्हीच शिकवलंत ना? पहिल्या आठवड्यात. वहीत आहे माझ्या."

"ते तुला," मी म्हटलं. "मी त्यांची बायको आहे."

तिने मान डोलावली. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "बायको, टॉवेल कुठे टाकू ते सांग आणि बस इथे. माझं अजून संपलेलं नाही."